टोपलीतलं प्रकरण

माझ्या घराच्या समोरच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आहे आणि त्याला पाहून लोक हसतात. रंग मूळचा पांढरा होता हे फक्त मला आठवतं. सुरू होताना मिक्सरमध्ये खडा गेल्यासारखा आवाज करतो. "अजून चालतो हा?" असं विचारणाऱ्याला मी एकच उत्तर देते: चालत नाही, चालवावा लागतो, आणि तो मला चालवता येतो. यात नम्रपणा करण्यासारखं काही नाही. नम्रपणा मला जमतही नाही.

मी पुस्तकांची अक्षरजुळणी करते. नागपुरात दसऱ्याला दीक्षाभूमीच्या आजूबाजूला पुस्तकांची दुकानं लागतात, आणि दूरदूरच्या गावांहून आलेली माणसं कपडे-भांडी सोडून पिशवीभर पुस्तकं घेऊन घरी जातात. त्या पिशव्यांमधली बरीच पुस्तकं माझ्या टेबलावरून गेलेली आहेत. मुखपृष्ठावर माझं नाव नसतं, पण आतल्या ओळी मी लावलेल्या असतात, आणि कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानावर रेफ घसरला होता हे मला अजून सांगता येतं.

नवा कॉम्प्युटर घेत का नाही, तर त्याचं कारण बाबा. माझे बाबा एका सरकारी ऑफिसात मराठीचे टंकलेखक होते. बोटं मशीनवर पडली की नजर भिंतीवर ठेवून टाइप करत. त्यांच्या हाताला बसलेला तो टाइपरायटरचा कीबोर्ड माझ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा आहे. ते सॉफ्टवेअर चालायला मागे एक डोंगल, म्हणजे त्या सॉफ्टवेअरची किल्ली, लावावं लागतं, आणि डोंगलची खाच नव्या मशीनला नसते. शिवाय बाबांचं अर्धं पुस्तक जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेलं होतं. ते नव्यात ओढून नेलं की जोडाक्षरं अशी विस्कटतात की लिहिणाऱ्यालाच ओळख पटू नये. मी एकदा करून पाहिलं. बाबा म्हणाले, "हे मी लिहिलं नाही वं." विषय तिथंच संपला.

पुस्तक त्यांनी निवृत्तीनंतर लिहायला घेतलं होतं. पारशिवनीकडच्या आमच्या गावातून आणि आजूबाजूच्या चार खेड्यांतून छप्पन साली दीक्षेला कोण कोण नागपूरला गेलं आणि कसं गेलं, एवढंच त्यात होतं. भाषण नाही, विचार नाही. प्रत्येक म्हाताऱ्याला आणि म्हातारीला त्यांनी चार प्रश्न विचारले: कोणत्या रस्त्यानं गेले, सोबत काय बांधून घेतलं, रात्री कुठं टेकले, अंगावर काय होतं. कोणी बैलबंडीनं गेलं होतं, कोणी पायी. एका आजीनं शेजारणीचं पांढरं लुगडं नेसलं होतं. बाबा वहीत लिहून आणत, सकाळी दोन तास टाइप करत. ज्यांना विचारलं त्यांच्यातले बहुतेक आता नाहीत.

बाबा स्वतःही गेले होते. आठ वर्षांचे होते, आईचा हात धरून गेले. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. "आमचे बाबा होते तिथं," हे मी शाळेत असल्यापासून छाती पुढं काढून सांगत आले. पण पुस्तकात त्यांचं स्वतःचं पान नव्हतं. मी म्हणायची, "बाबा, तुमचं लिहा ना." ते म्हणायचे, "सगळ्यायचं होऊ दे आधी." मला वाटायचं, संकोच.

आता त्या मशीनबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण पुढं जे झालं ते त्याच्या पोटात झालं.

त्याची रॅम एवढी कमी की आजच्या मुलांच्या हातातल्या फोनची जास्त असेल, आणि बोर्डावर आणखी बसत नाही. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओटा लहान आणि पाहुणे फार, तर बाई काय करते? लगेच लागणार नाहीत ती भांडी उचलून मागच्या खोलीत मांडते, लागली की पळत जाऊन आणते. ती मागची खोली म्हणजे हार्ड डिस्क, त्या खोलीत भांड्यांसाठी राखलेली जागा म्हणजे पेज फाइल, आणि या सगळ्या पळापळीला व्हर्च्युअल मेमरी असं भारदस्त नाव आहे. फोटोंची दहा पानं उघडली की माझं मशीन पळू लागायचं. पुढचा लाल दिवा पेटलेला तो पेटलेलाच, आणि खाली कोपऱ्यात पिवळा फुगा: व्हर्च्युअल मेमरी कमी आहे. वाक्याच्या मध्ये चहा पिऊन यावा आणि वाक्य तिथंच असावं.

यावर आपल्याकडे जो सार्वत्रिक इलाज आहे तो बाबाही करत. माउसचं उजवं बटण दाबायचं आणि रिफ्रेश. परत रिफ्रेश. परत. निवृत्तांच्या कॉम्प्युटर वर्गात कोणीतरी त्यांना शिकवलं होतं की त्यानं मशीन हलकं होतं. मी शंभरदा सांगितलं, बाबा, त्यानं फक्त पडद्यावरची चित्रं पुन्हा रंगवली जातात, झालेल्या कामात आणखी कामाची भर. ते मान हलवत आणि दुसऱ्या दिवशी बसल्याबरोबर दहा वेळा रिफ्रेश. हाजिरीची सही केल्याशिवाय टेबलावर बसायचं नाही, तसं.

खरा इलाज मला सीताबर्डीच्या एका दुरुस्तीवाल्या भाऊंनी शिकवला. एका दुकानाच्या जिन्याखाली त्यांची जागा आहे, वय माझ्याहून चार-पाच वर्षांनी जास्त, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. हे मशीन त्यांनीच मला जोडून दिलं होतं. ते म्हणाले, "ताई, पेज फाइलले आपल्या मनानं वाढू-कमी होऊ देऊ नोका. वाढते तवा जिथं जागा भेटंल तिथं पसरते. तिचं माप बांधून टाका, सुरुवातीचं तेच शेवटचं. आन् तिले दुसऱ्या डिस्कवर टाका." एका मेलेल्या कॉम्प्युटरमधून त्यांनी छोटी डिस्क काढून दिली. मी घरी येऊन ती स्वतः बसवली, पेज फाइल तिकडे हलवली, माप बांधलं. एका डिस्कची सुई दोन कामांसाठी इकडून तिकडे धावायची, तिथं आता दोन डिस्कांवर दोन सुया झाल्या. फोटोंची पानं डोळ्यांदेखत उघडायला लागली. त्या दिवशी मी एवढी खूश होते की संध्याकाळी ओळखीच्या तीन जणींना फोन करून पेज फाइल समजावून सांगितली. तिघींनीही नंतर काही दिवस माझा फोन उचलला नाही.

याशिवाय साफसफाई. टेम्पररी फाइली काढायच्या, रिसायकल बिन, बाबांच्या भाषेत टोपली, रिकामी करायची, मग डिफ्रॅग लावायचं, म्हणजे डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी पडलेल्या फाइली उचलून सलग लावायच्या. ते विसरू नये म्हणून मी त्याला पौर्णिमा ठरवून दिली होती. पौर्णिमेला आम्ही सकाळी विहारात जातो. वंदना करून आलं की घरी येऊन मशीन साफ. कित्येक वर्षांत हे चुकलं नाही.

चुकलं ते एका साध्या मंगळवारी. दसरा महिनाभरावर होता, बाबांच्या पुस्तकासाठी गावागावांतून आणलेले जुने फोटो मी स्कॅन करून ठेवले होते, आणि डिस्क गळ्यापर्यंत भरली होती. डिफ्रॅगला हलायला थोडी मोकळी जागा लागते, तीही उरली नव्हती. पौर्णिमेला अजून नऊ दिवस. मी म्हटलं, नऊ दिवस कोण थांबतं? बाबांचं सकाळचं टायपिंग आटोपलं, ते अंघोळीला गेले, आणि मी टेम्प साफ केलं, बिन रिकामी केली. मशीनने खात्री आहे का म्हणून विचारलं. मला खात्री नसते असं कधी होत नाही. मग दोन तास फोटोंची पानं लावली, जेवायच्या आधी डिफ्रॅग सुरू केलं आणि भाकरी टाकायला गेले.

बाबा जेवायला येता येता समोरच्या खोलीत थांबले. पडद्यावर लाल-निळ्या पट्ट्या सरकत होत्या. त्यांना त्या पट्ट्या चांगल्या ठाऊक होत्या.

"आज कोणती पौर्णिमा आहे वं?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"पौर्णिमा नाही बाबा. जागा भरली होती म्हणून केलं आजच."

"टोपली बी?"

"टोपली बी."

मी तव्यावरची भाकरी उलटवली आणि बाहेर येऊन पाहिलं. ते खुर्चीची पाठ धरून उभे होते.

"नोटीस न काढता टोपली रिकामी केली काहून तू?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मग हळूहळू कळलं. त्यांच्या ऑफिसात एक रीत होती. मजकुराचा आधी कच्चा मसुदा व्हायचा. पक्की प्रत सही होऊन येईपर्यंत कच्चा कागद टेबलावर ठेवायचा नाही, फाडायचाही नाही. तो टोपलीत टाकायचा, आणि टोपली ठरलेल्या तारखेलाच, नोटीस लावून, रिकामी व्हायची. त्याच्या आत ज्याला आपला कागद परत हवा त्यानं काढून घ्यायचा. बाबांनी छत्तीस वर्षं टोपलीकडे कचरा म्हणून पाहिलंच नव्हतं. ती निर्णय न झालेल्या कागदांची जागा होती. माझ्या मशीनवरही त्यांना टोपलीचं चित्र दिसलं आणि तिची तारीखही दिसली, पौर्णिमा. तेव्हा ते गेले आठ महिने एक फाइल रोज सकाळी टोपलीतून काढत, तिच्यावर काम करत, आणि उठताना परत टोपलीत टाकत. चतुर्दशीला बाहेर काढून ठेवत, पौर्णिमा झाली की पुन्हा आत. इतकी वर्षं मी एकाच घरात, एकाच टेबलावर, आणि मला याचा पत्ता नाही.

"काय होतं त्यात, बाबा?"

"माह्यं होतं," ते म्हणाले. "कच्चंच होतं. जाऊ दे."

"जाऊ दे" म्हणताना त्यांनी खुर्ची सोडली नाही. मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो माझाच होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ना, तो बैल मी पडद्यावर डोळ्यांनी पाहत होते. बिन रिकामी केली तरी फाइल लगेच मरत नाही. फक्त तिच्या जागेवर "मोकळी" अशी पाटी लागते, आणि वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती तशीच पडून असते. आणि मी वरून डिफ्रॅग लावलं होतं, ज्याचं कामच मुळी मोकळ्या जागा शोधून त्यात सामान भरणं. सरकणारी प्रत्येक निळी पट्टी बाबांच्या पानावर बसत असणार.

थांबवायचं बटण होतं. पण थांबवलं, नीट बंद केलं, की जाता जाता मशीन डिस्कवर शंभर बारीकसारीक गोष्टी लिहिणार. मी टेबलाखाली वाकले आणि यूपीएसच्या मागून वायर उपटली.

बाबा ओरडले, "अवं, काय करून राहिली!" कारण या घरात वीस वर्षं मीच ओरडत आले होते की काहीही होवो, सरळ वायर काढायची नाही. पडदा काळा झाला. यूपीएस चुकचुकला. डिफ्रॅग आधी नव्या जागी लिहून घेतं, मगच जुनी जागा सोडतं, त्यामुळे बाकीचं पुस्तक फाटणार नाही हे मला माहीत होतं, आणि त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवरही होती. भीती फक्त त्या एका फाइलची होती.

"बाबा, जेवून घ्या," मी म्हटलं. "आणि मी येईपर्यंत मशीनला हात लावू नका. रिफ्रेशसुद्धा नाही."

चार स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतली, सुती ओढणीत गुंडाळली, डब्याच्या पिशवीत ठेवली आणि इंदोऱ्याहून मेट्रोत बसले. स्टेशनवर पिशवी तपासणीच्या पट्ट्यावरून गेली तेव्हा गार्डनं हात केला. "ये क्या है मॅडम?" मी म्हटलं, "किताब है." त्यानं ओढणी उघडून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि जाऊ दिलं. माझ्या चेहऱ्यावर तेव्हा वाद घालण्यासारखं काही नसावं.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. ते कधी मध्ये बोलत नाहीत. शेवटी एकच प्रश्न विचारला.

"टोपली रिकामी केल्यावर किती काम केलं?"

"दोन तास. फोटोंची पानं."

"म्हणजे मशीन सारखं पळत होतं. पेज फाइल कुठी आहे?"

"दुसऱ्या डिस्कवर. माप बांधलेली. तुम्हीच सांगितलं होतं."

त्यांनी चष्मा वर केला. "मंग ताई, आशा आहे. याच डिस्कवर असती ना, तीबी वाढणारी, तं त्या दोन तासात तिनंच पहिले तिथं पाय पसरले असते. आता शत्रू एकच, डिफ्रॅग. किती झालं होतं?"

"चार टक्के."

"बसा."

त्यांनी माझी डिस्क आपल्या मशीनला दुसरी डिस्क म्हणून लावली. तिच्यावरून मशीन सुरू करायचं नाही, तिच्यावर काही लिहायचं नाही, फक्त वाचायचं. पुसलेल्या फाइली शोधणारं त्यांचं सॉफ्टवेअर एकेक खण वाचत चाललं. मी स्टुलावर बसून राहिले. बाहेर कपड्यांच्या हातगाडीवाला एकच भाव पुन्हा पुन्हा ओरडत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी मशीनवर उजवं बटण दाबून रिफ्रेश करावं अशी इच्छा दाबून ठेवली.

टोपलीत गेलं की मशीन फाइलचं नाव बदलून तिला नंबर देतं, त्यामुळे नावानं शोधून उपयोग नव्हता. आमच्या सॉफ्टवेअरच्या जातीच्या पुसलेल्या फाइली तेवढ्या बाजूला काढल्या. एकोणीस निघाल्या. अठरा जुन्या, माझ्याच. एकीवरची वेळ त्याच दिवशीची होती, सकाळी साडेनऊ. बाबा टेबलावरून साडेनऊलाच उठतात.

भाऊंनी ती आपल्या डिस्कवर काढून घेतली आणि उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं, उद्गारचिन्हं, सगळा खिचडा. त्यांच्याकडे आमचा जुना फॉन्ट नव्हता. फॉन्टशिवाय बाबांचं मराठी असंच दिसतं. ते शाबूत आहे की मध्येच कुजलं आहे, हे तिथं कोणालाच सांगता आलं नसतं.

"शेवट पाहा ताई," ते म्हणाले. "ओळ मधातच तुटली आहे. तुकडा गेला असंल पुढचा."

शेवटची ओळ खरंच मध्येच तुटली होती. पूर्णविरामही नव्हता. अर्धं वाचलं म्हणून आनंद मानावा की अर्धं मारलं म्हणून स्वतःला झोडावं, हे ठरवत मी पेन ड्राइव्ह मुठीत धरून परत आले.

घरी बाबांनी ताट झाकून ठेवलं होतं. दोघांचंही. मी आधी डिस्क बसवली, मशीन सुरू केलं. खडा गेल्यासारखा आवाज करत ते उठलं, पुस्तकाची सगळी पानं जागेवर होती. मग पेन ड्राइव्ह लावला आणि खुर्चीवरून उठले.

"तुम्ही पाहा. तुमचं कच्चं मी वाचत नाही." त्यांचा हा नियम मी लहानपणापासून पाळत आले होते. पक्की प्रत झाल्याशिवाय त्यांचा कागद कोणी पाहायचा नाही.

"बस," ते म्हणाले. "वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. पहिलीच ओळ अशी होती: मी छप्पन साली नागपूरला पोहोचलो नाही.

मी थांबले. बाबा भिंतीकडे पाहत होते, टाइप करताना पाहायचे तसे. मी पुढे वाचत गेले. आई आणि ते, गावच्या सात-आठ बायांसोबत पायी निघाले होते. आईनं पांढरं लुगडं आधी दोनदा धुऊन घडी घालून डोक्यावरच्या गाठोड्यात ठेवलं होतं, नागपूर आलं की नेसायचं म्हणून. कन्हान नदीच्या अलीकडे पोराला ताप भरला. पुलापर्यंत आईनं कडेवर घेतलं. आठ वर्षांचं पोर. पुलावर बाया म्हणाल्या, चल, आम्ही आळीपाळीनं घेऊ. आईनं कपाळाला हात लावून पाहिला. मग गाठोडं सोडलं, लुगडं काढून त्या बायांमधल्या एकीला दिलं, जिच्या अंगावर रंगीत होतं, आणि पोराला खांद्यावर टाकून माघारी फिरली.

ते शेजारणीचं लुगडं नेसून गेलेली आजी पुस्तकात आहे. तिचं पान मी स्वतः लावलं होतं.

पुढे गावात सगळ्यांनी घेतली तेव्हा आईनं दीक्षा घेतली. पण दरवर्षी बाया त्या दिवसाच्या गोष्टी सांगायला बसल्या की ती चुलीशी उठून जायची. बाबा मोठे झाले, ऑफिसात लागले. तिथं कोणीतरी विचारलं, तुम्ही होता का हो? त्यांच्या तोंडून "होतो" निघून गेलं. एकदा निघालेलं परत घेता येईना. मग लग्नात सांगितलं, मुलीला सांगितलं. आणि निवृत्त झाल्यावर गावोगाव फिरून म्हाताऱ्यांना विचारत बसले, कोणत्या रस्त्यानं गेले, रात्री कुठं टेकले, अंगावर काय होतं. आईनं काय काय पाहिलं असतं, हे गोळा करत राहिले.

शेवटची ओळ होती: एकदा मी आईला विचारलं की तुला माझ्यामुळे

आणि पुढे काही नाही.

"बाबा, इथून पुढचं गेलं," मी म्हटलं. "माझ्यामुळे गेलं. डिफ्रॅग चार टक्के झालं होतं."

"नाही गेलं," ते म्हणाले. "तेवढंच आहे. आठ महिने तिथंच येऊन थांबतो मी. थांबलो की टोपलीत टाकतो."

फाइल पूर्ण होती. एक अक्षरही हललं नव्हतं. मला एवढं हलकं वाटलं की मी हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडे पाहतच म्हणाले, "टाइप कर. माह्या हातानं होत नाही ते."

मी कीबोर्डवर बोटं ठेवली.

"विचारलं मी. म्हटलं, माय, माह्यानं तुहं नागपूर राह्यलं. तं ते म्हणे, 'गेली असती तं सारं पाह्यलं असतं रे. मंग तुले कुठून पाह्यलं असतं?'"

जसं बोलले तसंच टाइप केलं, शुद्ध केलं नाही. पूर्णविराम दिला. सेव्ह केलं, पेन ड्राइव्हवर प्रत घेतली, सीडीवर एक घेतली. मग विचारलं, "बाबा, हे कुठं ठेवू? शेवटी, परिशिष्टात?"

"पहिल्या पानावर ठेव."

"लोक विचारतील."

"विचारू दे ना. तेच तं सांगतलं आहे त्यात." ते खुर्चीवरून उठले, झाकलेल्या ताटांकडे निघाले आणि दारात थांबले. "आन् हे पाय, आता टोपली केव्हाबी रिकामी कर. नोटीस लागत नाही."